पत्त्याचा पत्ता : पहिल्या मॅकिन्टॉशने १२८ किलोबाइट कसे पुरवले

(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : लांब दांड्याच्या पेचकसाने मुठीच्या खोबणीतले स्क्रू निघतात. मागचे कवच वर उचलले जाते. कवचाच्या आतल्या सह्या.]

हे यंत्र उघडायला लांब दांड्याचा पेचकस लागतो, कारण त्याचे दोन स्क्रू वरच्या मुठीच्या खोबणीत खोल आत बसवलेले आहेत आणि घरातला साधा पेचकस तिथपर्यंत पोहोचत नाही. कवच निघाले की त्याच्या आतल्या अंगाला प्लॅस्टिकमध्येच उमटवलेल्या सह्या दिसू लागतात. हे यंत्र ज्यांनी घडवले त्यांच्या या सह्या आहेत, आणि जी बाजू ग्राहकाने कधी पाहण्याची अपेक्षाच नव्हती तिथे त्या केलेल्या आहेत. ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी २,४९५ डॉलर किमतीला बाजारात आणलेला हा पहिला मॅकिन्टॉश संगणक आहे. या सह्यांमध्ये अँडी हर्ट्झफेल्ड यांचीही सही आहे. या यंत्रातील मेमरीची वाटणी करणारा ‘मेमरी मॅनेजर’ त्यांनी लिहिला. पडद्यावरच्या खिडक्यांचे, चित्रांचे आणि अक्षरांचे कौतुक आजवर पुष्कळ झाले आहे. त्या साऱ्यांना जागा मिळवून देणाऱ्या या प्रोग्रॅमकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. आपण आज त्याच्याकडेच पाहणार आहोत.

[दृश्य : मदरबोर्ड. कॅमेरा एकेका मेमरी चिपवरून हळूहळू पुढे सरकतो.]

या काळ्या चिपा मोजल्या तर सोळा भरतात. प्रत्येकीत ६४ किलोबिट साठतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे सोळांची मिळून १२८ किलोबाइट, नेमके सांगायचे तर १,३१,०७२ बाइट मेमरी होते. चिपा बोर्डावर डाख देऊन पक्क्या केलेल्या आहेत, त्यामुळे दुकानातून आणखी मेमरी आणून ती इथे खोचावी अशी सोय ग्राहकाला नव्हती. १९७९ मध्ये जेफ रॅस्किन यांनी हा प्रकल्प हाती घेतला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ६४ किलोबाइटचे आणि त्याहूनही साध्या प्रोसेसरचे यंत्र होते. पुढे बरेल स्मिथ यांनी मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर वापरून बोर्डाची नवी आखणी केली आणि मेमरी या सोळा चिपांवर येऊन थांबली. याच कंपनीच्या लिसा या संगणकात तोच प्रोसेसर होता, पण जानेवारी १९८३ मध्ये जाहीर झालेल्या लिसाची किंमत ९,९९५ डॉलर होती, तिच्यात १ मेगाबाइट मेमरी होती आणि प्रोग्रॅमने दिलेला मेमरीतल्या जागेचा पत्ता खऱ्या पत्त्यात बदलून देणारी वेगळी यंत्रणाही होती. मॅकिन्टॉशमध्ये तशी यंत्रणा नाही. प्रोग्रॅम जो पत्ता उच्चारेल तोच खरा पत्ता असतो, आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या किंवा खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच्या जागेत पाऊल टाकले तर त्याला अडवणारे कोणीही नसते.

[दृश्य : पडदा अगदी जवळून. एकेक ठिपका सुटा दिसतो.]

त्या १२८ किलोबाइटमधला पहिला मोठा वाटा या पडद्याचा आहे. पडद्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ ठिपके आहेत. प्रत्येक ठिपका एक तर काळा किंवा पांढरा असल्याने त्याला एक बिट पुरतो. तरीही सगळ्या ठिपक्यांचे मिळून २१,८८८ बाइट होतात, म्हणजे एकूण मेमरीचा जवळपास सहावा हिस्सा यंत्र नुसते चालू असतानाच खर्ची पडतो. हा हिस्सा १,०८,२८८ या पत्त्यापासून सुरू होतो, आणि त्याच्याही वर, मेमरीच्या अगदी टोकाला, आवाजासाठी राखलेले ७४० बाइट आहेत. तळाला ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची नोंदवही आणि तिचा राखीव भाग आहे. मध्ये जे उरते त्यात लेखनाचा किंवा चित्रकलेचा प्रोग्रॅम, त्याचा मजकूर, त्याचे मेन्यू, त्याच्या खिडक्या आणि अक्षरांचे साचे एवढे सगळे मावायचे असते. मॅकपेंट या चित्रकलेच्या प्रोग्रॅममधले एक पूर्ण पान ५७६ गुणिले ७२० ठिपक्यांचे आहे, म्हणजे त्या एका पानालाच ५१,८४० बाइट लागतात. ते पान सबंध मेमरीत घेऊन काम करणे किती अवघड होते, हे या आकड्यांवरूनच लक्षात येईल.

[दृश्य : एकमेकींवर आलेल्या तीन खिडक्या. माउसने मधली खिडकी बाजूला ओढली जाते.]

आता या खिडक्यांकडे पाहावे. बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या, पडद्यावर चित्रे रेखणाऱ्या क्विकड्रॉमध्ये खिडकीचा जेवढा भाग उघडा दिसतो तेवढ्याची आकृती ‘रीजन’ या नावाने मेमरीत ठेवलेली असते. आकृती साधा आयत असेल तर तिला १० बाइट पुरतात. तिच्यावर दुसरी खिडकी आली आणि एक कोपरा झाकला गेला की तीच आकृती जास्त कोनांची होते आणि तिला जास्त बाइट लागतात. खिडकी पुन्हा बाजूला केली की ते बाइट नको होतात. म्हणजे माउस हलवण्याच्या एका कृतीत मेमरीतल्या अनेक वस्तूंचे आकार वाढतात किंवा आटतात. लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक अक्षरागणिक मजकूर वाढतो, मेन्यू उघडला की त्याच्याखालचे चित्र कुठेतरी जपून ठेवावे लागते, आणि तो मिटला की ती जागा परत येते. इतक्या चंचल मागण्या इतक्या लहान जागेत पुरवणे हे मेमरी मॅनेजरचे काम होते.

[दृश्य : रेखाचित्र. एका लांब पट्टीत रंगीत चौकोन येतात आणि जातात. मध्ये पांढऱ्या फटी राहतात.]

ज्या जागेतून अशा मागण्या पुरवल्या जातात तिला हीप म्हणतात. प्रोग्रॅम एखाद्या आकाराचा ब्लॉक मागतो, काम झाले की परत करतो. ब्लॉक लहानमोठे असतात आणि ज्या क्रमाने घेतले त्याच क्रमाने परत येत नाहीत, म्हणून थोड्या वेळाने पट्टीची अवस्था या चित्रातल्यासारखी होते. सगळ्या पांढऱ्या फटी मिळून समजा वीस हजार बाइट मोकळे आहेत, पण सर्वांत मोठी सलग फट चार हजारांचीच आहे. अशा वेळी पाच हजारांची मागणी आली तर जागा असूनही ती देता येत नाही. लोकलच्या बाकावर प्रवासी ऐसपैस बसलेले असतात तेव्हा सगळ्यांनी थोडे थोडे सरकून घेतले की आणखी एकाची बसण्याची सोय होते. मेमरीतही तसेच करता आले असते. अडचण एवढीच होती की ब्लॉक सरकला की त्याचा पत्ता बदलतो, आणि प्रोग्रॅमने तर जुना पत्ता लिहून घेतलेला असतो.

[दृश्य : त्याच पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटी यादी उमटते. यादीतल्या प्रत्येक ओळीतून एक बाण एकेका चौकोनाकडे जातो.]

यावरचा उपाय हा या माहितीपटाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबायला हवे. चाळीच्या जिन्याखाली भाडेकरूंची नावे आणि खोल्यांचे क्रमांक लिहिलेली पाटी असते. पाहुण्याला खोलीचा क्रमांक न सांगता ‘पाटीवरची सातवी ओळ पाहा’ एवढेच सांगून ठेवले, तर भाडेकरू दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर गेला तरी पाहुणा चुकत नाही. पाटीवरचा आकडा तेवढा बदलावा लागतो. मेमरी मॅनेजरने हीच पद्धत स्वीकारली. प्रोग्रॅमने ब्लॉक मागितला की त्याला ब्लॉकचा पत्ता दिला जात नाही. ब्लॉकचा पत्ता ‘मास्टर पॉइंटर’ नावाच्या चार बाइटांच्या एका न हलणाऱ्या जागेत लिहिला जातो, आणि प्रोग्रॅमच्या हाती त्या जागेचा पत्ता पडतो. या पत्त्याच्या पत्त्याला हँडल म्हणतात. प्रोग्रॅम पास्कल भाषेत असेल तर हँडलच्या नावापुढे दोन बाण, सी भाषेत असेल तर त्याच्या आधी दोन फुल्या लिहून मूळ वस्तूपर्यंत पोहोचता येते.

लिसासाठी अशी व्यवस्था आधी पास्कलमध्ये लिहिली गेली होती. हर्ट्झफेल्ड यांनी तिचा आधार घेतला आणि मॅकिन्टॉशसाठी ती ६८००० च्या असेंब्ली भाषेत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट सूचनांत, हाताने नव्याने लिहिली. अवघ्या ६४ किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे ज्यातला मजकूर कायमचा असतो अशा वेगळ्या चिपांमध्ये, क्विकड्रॉ, मेन्यू, खिडक्या आणि इतर सारे काही बसवायचे असल्याने तिथेही प्रत्येक बाइट मोजून वापरायचा होता. हे सारे रॉममध्ये गेल्यामुळे त्या कोडला मेमरीत जागा द्यावी लागली नाही, हा त्यातला मोठा लाभ होता.

[दृश्य : एक चौकोन मोठा होऊन पडदा व्यापतो. त्याच्या डोक्यावरचे आठ बाइट वेगळ्या रंगात उजळतात.]

प्रत्येक ब्लॉकच्या डोक्यावर आठ बाइटांची एक चिठ्ठी असते. पहिल्या बाइटवरून ब्लॉक मोकळा आहे, हलवता येणारा आहे की न हलणारा आहे हे कळते, पुढच्या तीन बाइटांत त्याचा आकार लिहिलेला असतो, आणि ब्लॉक हलवता येणारा असेल तर उरलेल्या चार बाइटांत त्याचा मास्टर पॉइंटर हीपच्या सुरुवातीपासून किती अंतरावर आहे याची नोंद असते. ही शेवटची नोंद अतिशय मोलाची आहे. ब्लॉक सरकवला की पाटीवरची कोणती ओळ दुरुस्त करायची, हे ब्लॉकच स्वतः सांगतो, आणि त्यासाठी सगळी पाटी वाचत बसावे लागत नाही.

[दृश्य : चौकोन एकामागून एक डावीकडे सरकतात. प्रत्येक सरकण्याबरोबर यादीतला एक बाण वळतो. पांढऱ्या फटी एकत्र येतात.]

आता प्रत्यक्ष सरकवणे पाहू. नवी मागणी आली आणि पुरेशी सलग जागा सापडली नाही, की मेमरी मॅनेजर हीपच्या तळापासून एकेक ब्लॉक पाहत जातो. मोकळा ब्लॉक दिसला की त्याच्या पुढचा हलवता येणारा ब्लॉक खाली आणतो, त्याच्या चिठ्ठीवरून मास्टर पॉइंटर शोधतो, त्यात नवा पत्ता लिहितो आणि पुढे जातो. विखुरलेल्या फटी अशा वर ढकलल्या जाऊन शेवटी एकत्र होतात. एवढ्यानेही भागले नाही आणि हीपला वाढायला वाव असेल, तर हीप वाढवली जाते. तेही पुरले नाही, तर जे ब्लॉक टाकून दिले तरी चालतील अशी खूण प्रोग्रॅमने आधीच करून ठेवली आहे ते रिकामे केले जातात. अगदी शेवटी प्रोग्रॅमनेच नेमून दिलेल्या एका कार्याला, म्हणजे त्याच्या कोडच्या एका छोट्या भागाला, हाक मारली जाते, म्हणजे त्याच्याजवळ राखून ठेवलेले काही असेल तर ते त्याने सोडावे. नकार देण्यापूर्वी इतके दरवाजे ठोठावणारी व्यवस्था आम्हाला तरी अतिशय सज्जन वाटते.

[दृश्य : फ्लॉपी आत जाते. ड्राइव्हचा आवाज. पडद्यावर मेन्यू उलगडतो.]

टाकून दिलेल्या गोष्टी परत कुठून येतात याचे उत्तर या ४०० किलोबाइटच्या फ्लॉपीत आहे. मेन्यू, चिन्हे, अक्षरांचे साचे, संवादचौकटी आणि खुद्द प्रोग्रॅमच्या कोडचे तुकडे हे सारे ‘रिसोर्स’ म्हणून फाइलीत वेगवेगळे ठेवलेले असतात. ही व्यवस्था ब्रूस हॉर्न यांची. मेमरीतली प्रत गेली तरी मूळ प्रत फ्लॉपीवर असते, म्हणून मास्टर पॉइंटरमध्ये शून्य लिहून ती जागा निर्धास्तपणे दुसऱ्याला देता येते आणि पुन्हा गरज पडली की वस्तू पुन्हा वाचून आणता येते. आता ऐकू येणारा हा ड्राइव्हचा आवाज त्याच वाचनाचा आहे.

[दृश्य : रेखाचित्रातील एका चौकोनावर कुलूप उमटते. बाकीचे चौकोन सरकतात आणि त्याच्यापाशी अडतात.]

काही ब्लॉक मात्र सरकत नाहीत. प्रोग्रॅमला एखाद्या वस्तूचा खरा पत्ता थोडा वेळ धरून ठेवायचा असेल तर त्या ब्लॉकला कुलूप लावता येते. कुलूपबंद ब्लॉक हीपच्या मधोमध असला की फटी त्याच्या दोन बाजूंना विभागल्या जातात आणि एकत्र येऊ शकत नाहीत, म्हणून जाणते प्रोग्रॅमर कुलूप लावण्यापूर्वी ब्लॉक हीपच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवत आणि काम होताच कुलूप काढत. मास्टर पॉइंटरची यादीही न हलणारी असते. ती एका वेळी ६४ ओळींची घेतली जाते आणि संपली की नवी यादी जिथे जागा मिळेल तिथे बसते, मग ती हीपच्या ऐन मध्यावर का असेना. त्यामुळे आपल्याला किती ओळी लागतील याचा अंदाज करून त्या प्रोग्रॅमच्या आरंभीच मागून घ्याव्यात, अशी शिस्त होती.

कुलूप आहे की नाही, टाकून देण्यास परवानगी आहे की नाही आणि ब्लॉक रिसोर्सचा आहे की नाही, या तीन खुणा ठेवण्यासाठी जी जागा निवडली गेली तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ६८००० प्रोसेसरला बाहेर पत्त्याच्या २४ बिटांपुरत्याच वाटा आहेत, तर मास्टर पॉइंटर ३२ बिटांचा आहे. वरचे आठ बिट प्रोसेसर पाहतच नसल्याने त्या तीन खुणा त्यांतच ठेवल्या गेल्या. त्या ब्लॉकच्या चिठ्ठीत ठेवायला हव्या होत्या, आणि मूळ रॉममधली आपली सर्वांत मोठी चूक हीच, हे हर्ट्झफेल्ड यांनी पुढे स्वतःच लिहून मान्य केले आहे. ज्याने हे उभे केले त्यानेच इतक्या मोकळेपणाने ही कबुली दिली याचा आम्हाला आदर वाटतो.

[दृश्य : कागदावर छापलेला पास्कल प्रोग्रॅम. बोट एका ओळीवर थांबते.]

आता प्रोग्रॅमरच्या बाजूने पाहावे, कारण या व्यवस्थेचा अर्धा भार त्याच्या खांद्यावर होता. हँडल सुरक्षित असते. हँडलमधून काढून घेतलेला खरा पत्ता मात्र एखाद्या कार्याला पुढची हाक मारेपर्यंतच खरा असतो. त्या हाकेत कुठेही मेमरी मागितली गेली तर ब्लॉक सरकू शकतो, आणि मग तो पत्ता जुन्या, बहुधा दुसऱ्याला दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. या ओळीत हेच घडते आहे. डाव्या बाजूला हँडलमधल्या नोंदीचे एक घर आहे आणि उजव्या बाजूला नवा ब्लॉक मागणारी हाक आहे. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या सूचनांत रूपांतर करणारे साधन, आधी डाव्या बाजूचा पत्ता काढून ठेवतो, मग हाक मारतो. हाकेत ब्लॉक सरकतो. आणि उत्तर जुन्या पत्त्यावर लिहिले जाते. पास्कलमधल्या ‘विथ’ या रचनेतही असाच एक पत्ता पडद्याआड काढून ठेवला जातो आणि लिहिणाऱ्याला तो दिसतही नाही. ॲपलने प्रोग्रॅमरांसाठी काढलेल्या ग्रंथांत कोणत्या हाकांमुळे मेमरी सरकू शकते याची स्वतंत्र यादीच छापली होती, आणि ती यादी हाताशी ठेवून कोडची एकेक ओळ तपासण्याचे काम माणसानेच करायचे होते.

[दृश्य : यंत्राच्या डाव्या बाजूची दोन छोटी बटणे. एक दाबले जाते. पडद्यावर आकड्यांच्या ओळी.]

अशी चूक रोज दिसत नाही, ही तिची खरी अडचण होती. मेमरी रिकामी असली की ब्लॉक सरकत नाहीत आणि चुकीचा प्रोग्रॅमही बिनबोभाट चालतो. मेमरी भरत आली की तोच प्रोग्रॅम कुठेही कोसळतो. म्हणून मॅक्सबग या तपासणीच्या साधनात एक विलक्षण सोय होती. ती सुरू केली की ब्लॉक सरकण्याची जराशी शक्यता असेल तिथे प्रत्येक वेळी सगळे ब्लॉक मुद्दाम हलवले जात, म्हणजे जी चूक महिन्यातून एकदा दिसली असती ती काही क्षणांत पुढे येई. पडद्यावरच्या या ओळी हीपच्या आहेत. प्रत्येक ओळीत एका ब्लॉकचा पत्ता, आकार आणि प्रकार आहे, आणि ज्यांना त्या वाचता येत त्यांना आपला प्रोग्रॅम मेमरीत कसा राहतो हे यातून दिसत असे.

[दृश्य : रेखाचित्र. हीप खालून वर वाढते, स्टॅक वरून खाली उतरतो. दोघांमधली पट्टी अरुंद होत जाते.]

हीपच्या समोरून स्टॅक, म्हणजे चालू कार्यांच्या तात्पुरत्या नोंदींची जागा, खाली उतरत येतो. दोघांमध्ये भिंत नाही. सेकंदाला सुमारे साठ वेळा, पडद्याचे चित्र एकदा रेखून झाले की, एक छोटे कार्य येऊन स्टॅक हीपमध्ये घुसला आहे काय एवढे पाहून जाते, आणि घुसला असेल तर २८ क्रमांकाची चूक दाखवून यंत्र थांबवते.

[दृश्य : बॉम्बचे चित्र असलेली चौकट. त्याखाली चुकीचा क्रमांक. कॅमेरा त्यावर थोडा वेळ स्थिर.]

सुझन केअर यांनी रेखाटलेले हे चित्र अनेकांनी पाहिले, आणि त्याबरोबर न साठवलेले कामही गेले.

[दृश्य : पुढच्या यंत्रांची झरझर जाणारी चित्रे. ‘मेमरी’ या कंट्रोल पॅनलचा जवळून घेतलेला देखावा.]

सप्टेंबर १९८४ मध्ये ५१२ किलोबाइटचे यंत्र आले, १९८५ मध्ये हर्ट्झफेल्ड यांच्याच स्विचरने आणि १९८७ मध्ये मल्टिफाइंडरने एका वेळी अनेक प्रोग्रॅमांना ठरावीक वाटे नेमून दिले, आणि वरच्या बिटांतल्या त्या तीन खुणांमुळे ३२ बिटी पत्त्यांकडे जाताना रॉमपासून प्रोग्रॅमांपर्यंत बरेच काही दुरुस्त करावे लागले. त्या दृष्टीने निर्दोष रॉम १९८९ च्या मॅकिन्टॉश टू-सी-आय या यंत्रात आली, १९९१ च्या सिस्टिम ७ ने ३२ बिटी पत्ते खुले केले, आणि प्रोग्रॅमांमध्ये खरी भिंत २००१ मध्ये मॅक ओएस टेनने घातली.

ही जुनी व्यवस्था कमकुवत होती, असे आज सरसकट म्हटले जाते. पत्ते बदलून देणारी यंत्रणा नाही, हार्ड डिस्क नाही आणि सोळा चिपा एवढीच मालमत्ता, अशा यंत्रात हलत्या खिडक्या आणि चित्रांची पाने चालवण्याइतकी ती बळकट होती, हे त्या म्हणण्यात बसत नाही. म्हणूनच हे यंत्र उघडून, जोडून आणि चालू करून दाखवावे असे आम्हाला वाटले.

[दृश्य : कवच पुन्हा बसते. यंत्र सुरू होते. मॅकपेंटमध्ये एक रेघ ओढली जाते. मग मेन्यू उघडतो आणि मिटतो. शेवटी हीपची यादी.]

मेन्यू उघडला तेव्हा त्याच्याखालच्या चित्रासाठी यादीत एक नवा ब्लॉक आला होता. मेन्यू मिटला आहे, आणि त्या ओळीपुढे आता ‘मोकळा’ अशी खूण दिसते आहे.